रंगकामाचा दर ठरवताना हजेरी आणि सामान याखेरीज काय काय धरायचं?

नवाठेका

घरांच्या आतल्या रंगकामाचे ठेके घेतो. तीन कारागीर कायमचे आहेत. मी ब्रश धरत नाही. मापं, सामान आणणं, देखरेख, वसुली हे माझ्याकडे. दर काढायची पद्धत अशी : किती हजेऱ्या लागतील त्याचा अंदाज, त्यात सामानाचं बिल, आणि दोन्हींच्या बेरजेवर २० टक्के. वर्षभराचं बघितलं तर सामानाचं बिल साधारण मजुरीइतकंच जातं.

दहा कोटेशनं दिली तर आठ-नऊ मंजूर होतात, कारागीर फारसे रिकामे बसत नाहीत. तरी वर्षाखेर सगळ्यांचे पैसे भागवल्यावर माझ्यासाठी जवळजवळ काही उरत नाही. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. २० टक्के हा आकडा मुळात कशाच्या आधारावर ठरवायचा? गिऱ्हाईक थेट चौरस फुटाचा दर विचारतं, तो कसा काढायचा? आणि जुन्या, खराब भिंतींचं काम उक्तं (ठरलेल्या एकरकमी भावात) घ्यावं की रोजंदारीवर? दर वाढवायला हरकत नाही, पण गिऱ्हाईकाला लुबाडल्यासारखं होऊ नये, समोर बसून हिशेब दाखवता आला पाहिजे.

---

हिशेबवही

२० टक्के या आकड्याला काही आधार नाही. आधी खर्च काढा, टक्के त्यातून निघतील. प्रत्येक ठिकाणची मजुरी वेगळी, म्हणून सगळं हजेरीत मांडतो. १ हजेरी म्हणजे तुमच्या कारागिराला एका दिवसाचे तुम्ही जे देता ते. माझे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमच्या वहीतले घाला.

पहिला प्रश्न : वर्षात विकता येतील अशा हजेऱ्या किती? ५२ आठवडे, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे ३१२ दिवस. त्यातून सुट्ट्या, आजारपण, दोन कामांमधले रिकामे दिवस, गिऱ्हाईकाने ऐनवेळी पुढे ढकललेले दिवस वजा करा. ५२ गेले असं धरू. उरले २६०. तीन कारागिरांचे ७८०. वर्षभराचा सगळा डोलारा या ७८० हजेऱ्यांवर उभा आहे.

दुसरं, हजेरीची खरी किंमत १ नसते. पगारी सुट्टी, विमा, काम नसताना टिकवून ठेवण्यासाठी दिलेली अर्धी हजेरी, हे सगळं तुम्ही देताच. वर १२ टक्के धरा : १.१२.

तिसरा वरखर्च. इथेच बहुतेकांचा हिशेब ढिला पडतो, कारण हा खर्च कुठल्याच एका कामाच्या नावावर पडत नाही. गाडी (इंधन, विमा, दुरुस्ती आणि झीज) ९० हजेऱ्या, अवजारं-शिड्या-परांची ३०, सामान ठेवायची जागा ४०, फोन आणि हिशेब-कराची कागदपत्रं २५, कामाचा विमा १५, दुबारा करून द्यावं लागलेलं काम आणि बुडीत रक्कम ४०. बेरीज २४०.

चौथं, तुमचा स्वतःचा पगार. नफा वेगळा, हा वेगळा. तुमचं काम उद्या दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलं तर त्याला काय द्याल? दिवसाला दीड हजेरी, वर्षाचे ३०० दिवस (साइट बंद असली तरी मापं आणि कोटेशनं चालूच असतात) : ४५०.

वरखर्च आणि पगार मिळून ६९०. भागिले ७८०, म्हणजे प्रत्येक हजेरीवर ०.८८. त्यात १.१२ मिळवले की बरोबर २.००. म्हणजे कारागिराला १ देताना ती हजेरी तुम्हाला २ ला पडते, आणि अजून नफा धरलेलाच नाही.

आता तुमची पद्धत याच आकड्यांवर चालवून बघा. मजुरीवर २० टक्के म्हणजे १५६ हजेऱ्या, सामानावर तेवढेच, एकूण ३१२. त्यातून वरखर्चाचे २४० आणि मजुरीवरच्या १२ टक्क्यांचे ९४ गेले. ३३४ खर्च, ३१२ जमा. तुमचा पगार तर सोडाच, २२ खिशातून गेले. काम भरपूर असूनही हातात काही का उरत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. असंच चालू ठेवून कारागीर वाढवले तर खड्डा आणखी खोल होतो.

नफ्याचं एक. १५ टक्के नफा हवा म्हणून २ ला १.१५ ने गुणू नका. २.३० येतात आणि विक्रीत नफा १३ टक्केच असतो. १५ टक्के विक्रीतून उरायला हवे असतील तर ०.८५ ने भागा : २.३५. हा फरक सगळीकडे असतो. वर २५ टक्के चढवले की विक्रीत २० टक्के उरतात, ५० चढवले की ३३. नफा म्हणजे चैन नव्हे. मंदीचे दोन महिने, बिघडलेली गाडी, न मिळालेलं शेवटचं बिल हे सगळं त्यातूनच भागतं.

---

मोजपट्टी

वरचा हिशेब पक्का आहे, फक्त हजेऱ्यांचा अंदाज चुकला तर २.३५ चा दरही वाचवत नाही. म्हणून चौरस फुटाच्या प्रश्नाकडे येतो.

एक खोली घेऊ. १२ बाय १०, उंची १०. चार भिंती ४४० चौ. फूट, छत १२०, एकूण ५६०. दार ३ बाय ७ आणि खिडकी ५ बाय ४ मिळून ४१ वजा, राहिले साधारण ५२०. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही यावर शेवटी वाद होतात. कडेचं बारीक काम आणि मास्किंग (कडांना टेप लावून झाकणं) असतं म्हणून काही जण वजा करत नाहीत. दोन्ही रीती चालतात, मात्र कुठली वापरली ते कोटेशनवर लिहा आणि दर त्याच रीतीचा ठेवा.

रंग आधीचा आहे, भिंत ठाक (धड, चांगली) आहे, छटा जवळचीच आहे, असं धरून तास लिहू. सामान हलवणं, झाकणं, मास्किंग ३ तास. खरवडणं, चिरा उघडून भरणं, पॅच पुट्टी ६. घासणं आणि धूळ झाडणं ४. प्रायमर ३. रंगाचा पहिला हात ४, दुसरा हात ४. टचअप, टेप काढणं, फरशी पुसणं, सामान जागेवर ठेवणं ३. एकूण २७ तास.

यात रंगाचे दोन हात फक्त ८ तासांचे. उरलेले १९ तास गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत भरत नाहीत आणि अंदाज करताना ठेकेदारही तेच विसरतो. क्षेत्रफळावरून दर सांगितला की तोटा होतो तो यामुळेच. रंगाचा हात क्षेत्रफळाप्रमाणे वाढतो, तयारी भिंतीच्या अवस्थेप्रमाणे वाढते.

पुढे २७ ला ८ ने भागू नका. दिवसाच्या आठ तासांत भिंतीवर हात चालतो तो साडेसहा तास. बाकी वेळ कपडे बदलणं, रंग ढवळणं, रोलर धुणं, जेवण यात जातो. २७ भागिले ६.५, म्हणजे ४.१५ हजेऱ्या. ८ ने भागलं असतं तर ३.४ आल्या असत्या, म्हणजे पाऊण हजेरी अंगावर. आता ४.१५ गुणिले २.३५ : ९.७५ हजेऱ्या. ५२० ला ९.७५ ने भागलं की ५३. एका हजेरीच्या रकमेत साधारण ५३ चौ. फूट, म्हणजे फुटाला हजेरीची रक्कम भागिले ५३, हा तुमचा "ठाक भिंत, प्रायमर आणि दोन हात" या कामाचा मजुरी दर.

तीच खोली पूर्ण पुट्टीची असेल तर पॅच आणि घासणीचे १० तास काढून टाका. त्यांच्या जागी खरवडणं ३, पुट्टीचा पहिला हात ८, दुसरा ७, घासणी ७ घाला. एकूण ४२ तास, ६.४६ हजेऱ्या, विक्री १५.२, म्हणजे एका हजेरीत ३४ चौ. फूट. दोन्ही कामांना एकच फुटाचा दर लावणारा एकाकडून जास्त घेतो आणि दुसऱ्यात बुडतो. म्हणून फुटाचे किमान चार दर काढून ठेवा : ठाक भिंतीवर पुन्हा रंग, पॅच जास्त असलेली भिंत, पूर्ण पुट्टी, आणि छत वेगळं. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट नगावर. ग्रिलला फुटाचा दर लावूच नका, तिथे सगळं ब्रशचं काम असतं आणि मागची बाजू धरूनच हिशेब करायचा असतो.

सामानाचा अंदाज. इमल्शन (पाण्याचा रंग) एका हाताला लिटरला १०० ते १२० चौ. फूट जातं. ११० धरलं तर ५२० ला दोन हातांचे साडेनऊ लिटर, वाया जाणारं धरून १०. प्रायमर ५ लिटर. पूर्ण पुट्टीला दोन हात मिळून किलोला १२ ते १५ चौ. फूट, म्हणजे ४० किलोची गोणी. डब्यावर छापलेली व्याप्ती गुळगुळीत भिंतीची असते, खडबडीत भिंत त्याहून बरंच जास्त पिते.

छटेकडे नीट बघा. भडक पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांची झाकणशक्ती कमी असते, कारण गडद छटांच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात) पांढरं पिगमेंट नसल्यासारखंच असतं. तिथे दोन हातांत भिंत भरत नाही, तीन-चार लागतात. गडदवरून फिक्यावर जाताना तेच. कोटेशनमध्ये "दोन हात" असं लिहा आणि पुढच्या हाताचा फुटाचा दर तिथेच देऊन ठेवा. "रंग भरेपर्यंत" असं लिहिलंत तर तिसरा आणि चौथा हात तुमच्या खर्चाने.

लहान कामांसाठी किमान रक्कम ठरवून टाका. एका भिंतीवरचा दोन फुटांचा डाग म्हणजे तासाभराचं काम वाटतं. पण पुट्टी वाळायची, मग घासून प्रायमर, तो वाळायचा, मग चार-चार तासांच्या अंतराने दोन हात. दोन ते तीन फेऱ्या होतातच. शिवाय पॅच दिसू नये म्हणून रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला द्यावा लागतो. अशा कामाला दीड हजेरी विक्रीदराने लावा. ते लोकांना महाग वाटलं तर "घरातली आणखी चार किरकोळ कामं त्याच फेरीत करून घ्या" असं सुचवा. पैसे तेवढेच, गिऱ्हाईकाला मोबदला जास्त.

---

ओलीची_भिंत

जुन्या भिंतींबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. उक्तं की रोजंदारी, याचं उत्तर भिंत तपासल्याशिवाय देता येत नाही. पाहणीला गेल्यावर अर्धा तास जास्त थांबा आणि या चाचण्या करा.

तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी पूड लागली तर जुना थर भुकटी झालाय. त्यावर थेट रंग दिला तर रोलरलाच उचलून येतो. धुऊन, वाळवून, बांधून ठेवणारा प्रायमर लागेल.

ब्लेडने जुन्या रंगावर फुली मारा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. कडेचा एखादा कण निघाला तर चालेल. पापुद्रा निघाला तर ती पूर्ण भिंत खरवडायची आहे असं धरूनच दर द्या. हे तीन-चार ठिकाणी करा : खिडकीखाली, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात. दाराजवळ एकदा करून भागत नाही, तिथली भिंत बहुधा चांगलीच असते.

स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं घासा. रंग मऊ पडून फडक्याला लागला तर तो पाण्याचा रंग आहे. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट असण्याची शक्यता जास्त. त्यावर इमल्शन द्यायचं तर आधी चकाकी जाईपर्यंत घासणी आणि योग्य प्रायमर, म्हणजे तास दीडपट.

ओल. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर ते खोलीतल्या हवेतलं आहे. भिंतीतून येत असेल तर रंगकामाने काहीही थांबत नाही. पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं, ते पुट्टीच्या मागे साठतात, फुगतात आणि पुट्टीसकट पोपडे निघतात. महाग रंग दिला तरी तेच होतं, फक्त पोपडा मोठा निघतो. आधी गळती शोधून बंद करायची, भिंत वाळू द्यायची, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, मग पुढचं. नव्या सिमेंट गिलाव्यालाही हेच लागू : घाई न करता निदान २८ दिवस जाऊ द्या, नाहीतर अल्कली रंग खाते.

फार जुन्या इमारतीत खालच्या थरांत शिसं असलेला रंग असू शकतो. तिथे कोरडी घासणी करू नका. आधी तपासणी करून घ्या. निघालं तर ओली घासणी, मास्क, धूळ गोळा करणं, आणि त्याचे तास वेगळे लावायचे. कारागिरांच्या फुप्फुसांवर सवलत देता येत नाही.

आता उक्त्याचा प्रश्न. एकाच कामाचे दोन भाग करा. जिथे मोजता येतं (प्रायमर, रंगाचे हात, दारं) ते उक्तं. खरवडल्याशिवाय कळणार नाही ते हजेरीवर, पण मर्यादा घालून. म्हणजे असं लिहायचं : "हॉलच्या दोन भिंती खरवडणे व गिलावा दुरुस्ती, प्रत्यक्ष लागलेल्या हजेऱ्यांप्रमाणे, अंदाज ४, सहाच्या पुढे गेल्यास काम थांबवून आधी विचारू." चौथी हजेरी संपताच, भिंत उघडी असतानाच, गिऱ्हाईकाला बोलावून दाखवा. रंग झाल्यावर आतला पोकळ गिलावा कोणालाच दाखवता येत नाही.

सगळंच उक्तं घेतलंत तर दोनच शक्यता उरतात. भीतीपोटी भरमसाट दर लावाल आणि भिंत चांगली निघाली तर गिऱ्हाईकाकडून फुकटचे घ्याल. किंवा कमी लावाल आणि खरवडणं अर्ध्यावर सोडून वरून पुट्टी फिरवाल. दोन्हींत कोणाचं तरी नुकसान आहे. अर्थात सगळंच रोजंदारीवर घेणंही वाईट : कारागीर संथ झाला तर त्याचा भार गिऱ्हाईकावर पडतो, आणि मग ते दिवसभर खुर्ची टाकून समोर बसतं.

हमी देताना काय हमीत नाही ते लिहा : ओल, संरचनेच्या चिरा, गिऱ्हाईकाने आणलेलं सामान.

---

दोन_डबे_एक_छटा

हिशेबवहींच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. २.३५ हा दर सामान खरेदीच्याच भावाने द्यायचं ठरवलं तर बरोबर आहे. नवाठेका तर सामानावर २० टक्के आधीच लावतात. तो भाग चालू ठेवला तर वर्षाला १५६ हजेऱ्या सामानातून येतात, मग ६९० चा सगळा भार मजुरीवर टाकायचं कारण नाही. ६९० वजा १५६ म्हणजे ५३४, भागिले ७८०, ०.६८. अधिक १.१२ म्हणजे १.८०, आणि ०.८५ ने भागलं की २.१२. दोन्हीकडून घेतलं तर एकाच खर्चाची वसुली दोनदा होते. गिऱ्हाईकाला हिशेब दाखवायचा असेल तर हे नीट असायलाच हवं.

मला सामानावर थोडा भार ठेवणं योग्य वाटतं, कारण सामानाला स्वतःचा खर्च असतो. आणायला गाडी आणि वेळ. पैसे आधी तुमचे गुंततात. छटा मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही, उरलेला तुमच्या गोदामात वाळतो. वेगवेगळ्या वेळी मिसळून आणलेल्या डब्यांत छटा थोडी हलते, म्हणून एका भिंतीला पुरेल एवढा रंग मोठ्या बादलीत एकत्र करूनच काम सुरू करावं लागतं, आणि त्यासाठी थोडा जास्तच आणावा लागतो. हे सगळं सामानाच्याच नावावर पडलं पाहिजे. बारीकसारीकही मोजा : अशा खोलीला ८-१० पॉलिश पेपर, दोन मास्किंग टेप, झाकायचं प्लास्टिक, रोलरची एक बाही. एकेक क्षुल्लक दिसतं, वर्षाची बेरीज करून बघा.

गिऱ्हाईक सामान स्वतः आणणार असेल तर खुशाल आणू द्या. मग मजुरी २.३५ ने लावा, आणि लिहून ठेवा की सामान वेळेवर न आल्याने कारागीर थांबले तर ती हजेरी बिलात येईल.

पैशांच्या टप्प्यांबद्दलही लिहितो, कारण योग्य दर लावूनही वसुली अडकली की तो दर कागदावरच राहतो. सुरुवातीला सामानाच्या किमतीएवढी अगाऊ रक्कम, पुट्टी-प्रायमर झाल्यावर दुसरा हप्ता, पहिल्या हातानंतर तिसरा, आणि शेवटचे १० टक्के टचअप पाहून. नियम असा ठेवा की कुठल्याही दिवशी तुमचा आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त पैसा त्या कामात अडकलेला नसावा. शेवटी ४० टक्के ठेवलेत तर शेवटच्या दिवशी किरकोळ डागांवरून घासाघीस होणारच. उलट सुरुवातीलाच ७० टक्के मागितले तर गिऱ्हाईकाच्या हातात काहीच उरत नाही, तेही बरोबर नाही.

---

नवाठेका

सगळ्यांचे मनापासून आभार. माझे आकडे घालून बघितले, वरखर्च तुमच्या नमुन्याच्या आसपासच येतोय. अडचण अशी की १.२० वरून २.१२ वर जायचं म्हणजे फार मोठी उडी आहे. गिऱ्हाईक लगेच म्हणेल, अमुक ठेकेदार तीस टक्के कमीत करतो. शिवाय जुनी गिऱ्हाइकं आहेत. थोडी सूट देऊन काम धरून ठेवावं का?

---

हिशेबवही

उडी वाटते तेवढी मोठी नाही, कारण गिऱ्हाईक एकूण बिल बघतं. मजुरी १ आणि सामान १ धरलं तर आज तुमचं बिल २.४०. नवं बिल २.१२ अधिक १.२०, म्हणजे ३.३२. वाढ ३८ टक्के. पहिल्या टप्प्यात नफा सोडून द्या, फक्त खर्च आणि तुमचा पगार सुटू दे : १.८० अधिक १.२०, म्हणजे ३.००, वाढ २५ टक्के. ती नव्या गिऱ्हाइकांना पुढच्या कोटेशनपासूनच लावा. ते पचलं की दुसरा टप्पा.

काही कामं जातील, जाऊ द्या. दहातली आठ-नऊ मंजूर होणं हे दर कमी असल्याचंच लक्षण आहे. ३.३२ च्या बिलातून सामानाचा १ आणि मजुरीचे १.१२ गेले की १.२० उरतात. ६९० भागिले १.२०, म्हणजे ५७५ हजेऱ्यांच्या कामात वरखर्च आणि तुमचा पगार निघतो. आज ७८० करून निघत नाही. मात्र हे गणित कारागिरांचे दिवस कामाप्रमाणे कमी-जास्त करता आले तरच चालतं. तिघांनाही बारा महिने हजेरी द्यायची असेल तर रिकामे दिवसही पुन्हा वरखर्चात घाला.

सूट देऊ नका. १०० च्या बिलात खर्च ८५ आणि नफा १५ असेल तर १० टक्के सुटीने बिल १० ने उतरतं, नफा मात्र १५ चा ५ होतो.

---

मोजपट्टी

सूट देण्याऐवजी काम कमी करा. वर हिशेब केलेल्या खोलीत सामान हलवणं, झाकणं, मास्किंगच्या ३ तासांतले दोन तास सामान हलवायचे आहेत. गिऱ्हाईक स्वतः खोली रिकामी करून देत असेल तर २७ तले २ तास वाचले, मजुरीतून ७ टक्के खुशाल कमी करा. छत चांगलं असेल तर ते वगळा. कपाटामागची भिंत एका हातात सोडा, पण तसं लिहून. प्रायमर मात्र कधी वगळू नका, दर तुटला तरी चालेल.

तीस टक्के कमीचं कोटेशन समोर आलं तर नाराज न होता ते मागून घ्या आणि गिऱ्हाईकाबरोबर बसून ओळीओळीने ताडून बघा. पुट्टी पूर्ण की पॅच? प्रायमर आहे का? हात किती? रंग कुठल्या दर्जाचा? झाकणं आणि साफसफाई त्यात आहे का? बहुतेक वेळा मेख प्रायमर किंवा पुट्टीतच सापडते. सगळं सारखं असूनही त्याचा दर खरोखर कमी असेल तर त्याचे तास तुमच्यापेक्षा कमी लागतात, किंवा तो स्वतःचा पगार धरत नाही. पहिलं असेल तर तुमचे तास कुठे जातात ते शोधा. दुसरं असेल तर त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

तास शोधायचे तर प्रत्येक साइटवर एक कागद ठेवा : खोली, कामाचा टप्पा, तास. कारागिरांनी दिवसाच्या शेवटी लिहायचं, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. काम संपलं की अंदाजाशेजारी प्रत्यक्ष तास मांडा. एका कामावरून दर बदलू नका. त्याच प्रकारच्या चार-पाच कामांत एकाच टप्प्यावर फरक पडत असेल तर तो आकडा बदला. बहुतेकांचा फरक घासणीत आणि शेवटच्या टचअपमध्ये निघतो.

---

ओलीची_भिंत

जुन्या गिऱ्हाइकांबद्दल : ज्यांना कोटेशन देऊन झालंय त्यांना तोच दर पाळा, मुदत संपेपर्यंत. कोटेशनवर ३० दिवसांची मुदत आजपासून लिहायला लागा. बाकीच्यांना काम निघायच्या आधीच कळवा की अमुक तारखेपासून नवे दर, सोबत चार प्रकारच्या भिंतींचा दरतक्ता. जुनं म्हणून कोणाला कमी आणि घर मोठं दिसलं म्हणून कोणाला जास्त, असं करू नका. सवलत द्यायचीच असेल तर कारणाने द्या : सलग दोन घरं शेजारी असली तर फेऱ्या आणि सामानाची ने-आण वाचते, मंदीत तारीख तुमच्या सोयीने दिली तर रिकामे दिवस भरतात. कारण कोटेशनवर लिहा, म्हणजे तीच सवलत दुसऱ्याने मागितली तर उत्तर तयार असतं.

आणि दर वाढवल्यावर पहिल्या एक-दोन कामांतच कारागिरांच्या हजेरीत थोडी वाढ करा. तो आकडा आजच १ च्या जागी घालून पुन्हा सगळं काढा, दोन महिन्यांनी नव्हे.